पारजांब

नातवाच्या मालिशीला मेडिकलातून आणलेल्या
जैतून तेलाच्या डब्यावर एक फांदी छापलीय.
पानं जोडीजोडीनं, समोरासमोर,
पंगतीला बसवलेल्या व्याह्यांसारखी.
मी म्हटलं, ही फांदी माझ्या ओळखीची.
सून हसली. टिळकवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावर
समुद्रापलीकडचं झाड ओळखणारा
खानापूरचा म्हातारा तेली.

जांबोटीच्या वर, आमगावच्या वाटेला
हंचिनमनी मॅडम कॉलेजची पोरं घेऊन आल्या होत्या.
मी कशाला गेलो होतो आठवत नाही,
घाणा तेव्हा चालू होता एवढं नक्की.
खोडाला हात लावून पोरांशी त्या कन्नडात बोलल्या,
मग माझ्याकडं वळून मराठीत:
"हे जैतुनाचं चुलत भावंड, मामा.
खरं ह्याच्यात तेल नाही."

तेल नाही म्हटल्यावर मी झाड नीट बघितलं.
वाटाण्याएवढी फळं, काळी-निळी.
वर धनेश बसलेला, त्याला आमची काही पडलेली नव्हती.

तिकडं म्हणे आजा झाड लावतो,
नातू काठीनं फळं झोडपतो.
झाडावरून कज्जे, झाडावरून सोयरिकी,
आणि लढाई हरलेल्याची झाडं आधी तोडतात.
इकडं हे कुणी लावलं नाही
म्हणून कुणाचं नव्हतं,
कुणाचं नव्हतं म्हणून सरकारचं झालं.
हद्दीचे दगड पुरले, चुन्यानं रंगवले.
रवळू गवळ्याचा आजा राखेत नाचणी पेरायचा,
ती कुमरी बंद झाली,
आणि त्याच्याच डोंगरावर तो चोर ठरला.
लोंढ्याच्या डेपोत सागावर हातोड्याचा शिक्का,
शिसवीवर शिक्का.
ह्याच्यावर नाही.
वहीत एका ओळीत: किरकोळ जंगली, जळाऊ.

छप्पन साली ती वहीसुद्धा बदलली.
पारजांबाचं मडले झालं.
नावावरून खाली बाजारात माणसं भांडली,
झाडानं दोन्ही नावांना ओ दिली नाही.

रात्री अंथरुणावर मला आप्पांची लाट आठवली.
घाण्याच्या उखळात फिरणारा तो सोट
रवळूनं अमावस्येच्या आसपास खांद्यावरून आणलेला,
गार्ड झोपल्यावर,
चार शेर कारळ्याच्या तेलाच्या बोलीवर.
"कशाचं लाकूड?" आईनं विचारलं होतं.
"पारजांब. झिजत नाय बघ."
ह्याच्यावर ना आप्पा बोलले, ना मी कधी विचारलं.
शेंग, करडई, कारळे, मोहट्या,
गावात जे जे दाबलं की ओलं होतं
ते सगळं त्याच्याखालून गेलं.
पुढं पाकिटातलं तेल आलं, पांढरं, बिनवासाचं,
पुन्यवाच्या हळदीला तेल मागायलासुद्धा
कुणी आमच्या दारी आलं नाही.

घाणा आता रिसॉर्टच्या लॉनवर आहे.
लाट उभी, खाली पिवळा बल्ब,
शेजारी कुंडीत नर्सरीतून आणलेलं खरं जैतून,
आठ वर्षांचं, गुडघ्याएवढं,
हिवाळा पुरत नाही म्हणून रुसलेलं.
त्या दोघांची कुणी ओळख करून दिलेली नाही.

परवा पाऊस चालू असताना मी तिथं गेलो.
वॉचमनला वाटलं, आडोशाला आलाय.
लाटेवरून पाणी थेंब थेंब घसरत होतं,
लाकडात शिरत नव्हतं.
अंगठा दाबून धरला, बराच वेळ.
नाकाशी नेला:
कारळे.

घरी येऊन तोच अंगठा
नातवाच्या टाचेवर एकदा फिरवला.
डबा तिथंच होता, झाकण उघडं.
सुनेला काही सांगितलं नाही.